गरीब गाईचा दंगा

शाळेत नवा नियम आला. शहाण्यासारखं वागेल त्याला चांदणी, आणि पाच तक्रारी भरतील त्याची रवानगी समुपदेशक ताईंच्या खोलीत.

बाईंच्या वर्गात चांदण्यांचा खच पडला होता तो एकाच मुलीच्या नावापुढे. तोंडातून ब्र न काढणारी गरीब गाय ती. सोमवारी मात्र तिनं कहर केला. परवानगी घेऊन शिट्टी मारली, डस्टर लपवलं आणि कुठे लपवलं तेही सांगितलं, शेजारणीची वेणी ओढली तीही हळूच, आणि बाकावर चढली ती बूट काढून.

“अगं, आज अंगात काय आलंय तुझ्या?” म्हणत बाईंनी चौथी तक्रार लिहिली. तेवढ्यात तिनं बाईंची वही अलगद बाजूला सरकवली आणि टेबलावर पाण्याची बाटली उपडी केली.



“सॉरी हं बाई, ही पाचवी. आता तरी ताईंशी बोलायला जाऊ ना?”