काळी लाख

बाबांनी चष्मा पुसला आणि दादाने लंडनहून आमच्या वकिलांना धाडलेलं पत्र मोठ्याने वाचलं. “म्हातारा गेल्याचं कळलं. व्हर्जिनियातला तंबाखूचा मळा विका, गुलाम विका. बहिणीला नाताळच्या आत घराबाहेर काढा.”

ते पत्र घेऊन आलेले वकील समोरच बसले होते.

“तू काय कळवलं होतंस त्याला?” बाबांनी मला विचारलं.

“तुमची लाडकी घोडी मेली, एवढंच. माणूस गेल्यावर लावतात तशी काळी लाख लावून पत्र बंद केलं होतं. फोडलं असतं, तर कळलं असतं.”

तो फोडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या दुखण्यात आई ‘एकदा येऊन जा’ म्हणून माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायची. ती सगळी त्याने न फोडताच परत पाठवली. तेव्हा बाबा म्हणाले होते, “कामात असेल पोर.”

आज त्यांनी वकिलांपुढे कोरा कागद सरकवला. “मृत्युपत्र नव्याने लिहा.” मग माझ्यापुढे हात केला. “ती काळी लाख आण. या खेपेला खरंच माणूस गेलाय.”

वकिलांची घोडागाडी फाटकाशी दिसली, तेव्हाच मी ती लाख खिशात टाकली होती.