एडवर्डची बायको

निवृत्त होऊन दोहा सोडणाऱ्या अमेरिकन साहेबांसाठी निदाने त्यांच्या घराण्याची वंशावळ काढली, थेट पहिल्या जहाजांतून अमेरिकेत उतरलेल्या मूळपुरुषापर्यंत. त्याच्या बायकोचं नाव मात्र काही केल्या सापडेना. सूक वाकिफ बाजारातला फ्रेमवाला फोनवरून घाई करू लागला, तेव्हा रिकाम्या चौकोनात निदाने एक नाव ठोकून दिलं: मार्था. आज ऑफिसात भेट उघडताच साहेबांचं बोट काचेवर नेमकं तिथेच थांबलं. "हिला तीस वर्षं शोधतोय," ते भरल्या डोळ्यांनी म्हणाले. "थडग्यावर नुसतं 'एडवर्डची बायको' आहे. आता नाव कोरून घेतो. कुठे सापडली तुला?" निदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जुन्या कागदांत, सर." टाळ्या पडल्या. "यल्ला, केक कापू या!" कुणीतरी ओरडलं. सगळे टेबलाकडे वळले, तशी निदाने हळूच खिडकीचा पडदा लावून घेतला. समोरच्या दुकानावर पाटी होती: मार्था लेडीज टेलर.