सहा किलो शंभर ग्रॅम

जिना चढून आलेल्या आरोग्य सेविकेची धाप अजून खाली बसली नव्हती, तोवर खोलीतल्या बाईने आपल्या बाळाची टोपी काढली, मोजे काढले, झबलं काढलं आणि लंगोटही सोडला.

"अगं, गारठेल तो!" पिशवीतून वजनकाटा काढत सेविका म्हणाली. "बाकीच्या आया टोपीला हात लावू देत नाहीत. तेवढेच चार ग्रॅम वाढले तर बरं, म्हणून. तुझं आपलं उलटंच."

"असू दे, ताई. नुसतं बाळच मोजा."

खोली एकच होती. खाली लाँड्री. तिच्या यंत्रांमुळे फरशी दिवसभर कोमट असायची आणि थरथरायची. काटा हलू नये म्हणून सेविका दर मंगळवारी तो दाराजवळच्या कोपऱ्यात मांडायची. पाच महिन्यांचा तो उघडा जीव काट्यावर पाय झाडू लागला. आकडे मागेपुढे झाले आणि थांबले.

"सहा किलो शंभर! जिंकलास रे लबाडा." सेविका खुलली. "जन्मला तेव्हा दोन किलोसुद्धा नव्हता. आता गाल बघ."

बाई हसली नाही. "परत एकदा बघा ना. हलत होता तो."

परत मोजलं. तेवढंच भरलं.

बाळ आता मूठ चोखत होतं, मधेच आकांताने रडत होतं. सेविकेचा आवाज बदलला. "याला पाजलंस कधी?"

बाईने मान खाली घातली.

"खरं सांग. उपाशी ठेवलंस?"

"नाही हो, ताई, शप्पथ! पाजतच होते. जिन्यावर तुमची चाहूल लागली आणि तसाच बाजूला केला. एवढंच. म्हटलं, आजच्या दिवस सहाच्या आत राहील."

सेविकेने बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि आईच्या मांडीवर दिलं.

"आधी पाज."

रडणं थांबलं. खालच्या यंत्रांची घरघर तेवढी राहिली.

"सहाच्या वर गेलं की तुमचं येणं बंद ना?" बाईने विचारलं.

"बंद कशाला? दर आठवड्याला नाही, तीन महिन्यांनी येईन. अगं, आनंदाची गोष्ट आहे ही."

"पाच किलो नऊशे लिहा ना. कोण बघायला येतंय?"

"कमी वजनाच्या बाळांच्या योजनेत माझ्याकडे आठच घरं असतात, बाळा. नववी थांबून आहे. जुळी आहेत तिला, सातव्या महिन्यात झालेली."

बाई बराच वेळ बाळाच्या टाळूवरून बोट फिरवत राहिली.

"जुळी," ती म्हणाली. "म्हणजे तिला तर पाठ टेकायलाही मिळत नसेल. जा तुम्ही तिच्याकडे."

सेविकेने सहा किलो शंभर लिहिलं आणि कागद उलटला. इतक्या महिन्यांत ती मागची बाजू कधी लागली नव्हती. दर आठवड्याच्या यादीतून नाव कमी करतानाच ती भरायची असायची.

"शेवटी आईबद्दल थोडं विचारतात," ती म्हणाली. "जेवण वेळेवर होतं?"

"होतं की. हा झोपला, की जेवते."

"झोप लागते?"

"ह्याचे बाबा ट्रक घेऊन गेले, की दिवा चालूच ठेवते. मग लागते."

सेविका पुढचा प्रश्न आधी मनात वाचून थांबली. मग तिने तो विचारला. "मागच्या आठवड्यात घराबाहेरच्या किती माणसांशी बोलणं झालं?"

"फोनवरचं चालेल?"

"समोरासमोरचं."

बाई आठवू लागली. अंगठा बोटाच्या पहिल्या पेरावर टेकला आणि तिथेच राहिला.

"तुम्हाला धरून?"

"धर मला."

"मग एक."

उत्तरासाठी कागदावर दोन आकड्यांची जागा आखलेली होती. सेविकेने पहिल्या चौकटीत शून्य काढलं, आणि दुसऱ्या चौकटीत एक.