बासचा पाय

“बासचा पाय माझ्याच खळग्यात टेकवायचा, नेल्डा. दुसरीकडे कुठेही नाही. दे वचन.”

आज सकाळपासून वडिलांचा तो आवाज नेल्डाच्या कानात होता. माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या त्या बासला, त्या खर्जाच्या तंतुवाद्याला, खाली एक लोखंडी पाय असतो, त्यावर ते उभं राहतं. चर्चच्या फळ्यांवर त्या पायाने पडलेला एक खळगा वडिलांनी जन्मभर सोडला नाही. बाकीचे वाजवणारे वर मंचावर, हे एकटेच खाली कोपऱ्यात. लोक म्हणत, किती विनयी माणूस. ते देवाघरी गेल्यावर नेल्डाही तिथेच उभी राहिली. मग हिवाळ्यात चर्चमध्ये जाड गालिचा आला आणि खळगा त्याच्याखाली गेला. देवाजवळ पोचलेला माणूस एवढ्याशाने काय रागावणार, असं मनाशी म्हणत ती मंचावर गेली.

पण गालिच्याने बासचा आवाजच गिळून टाकला. “ताई, तुझं ते कपाट वाजतं, की नुसतं उभं असतं?” बँजोवाला डॉयल, तिचा धाकटा भाऊ, दर रविवारी विचारायचा.

म्हणून तिने अॅम्प्लिफायर घ्यायचं ठरवलं. अख्खा शनिवार शहरातल्या दुकानात काढला. एकाने दुकानाच्या काचा थरथरवल्या. दुसऱ्यातून तारा रबरासारख्या वाजल्या. तिसरा लहानसा होता, पण डोळे मिटून ऐकल्यावर त्यात लाकूड ऐकू आलं. तो तिने घेतला. दुकानदाराने बासच्या घोडीखाली बोटभर मायक्रोफोन बसवून दिला आणि बजावलं, “हा खुर्चीवर ठेवायचा, खाली स्पंजाची गादी घालायची. आवाज जमिनीत उतरता कामा नये, नाहीतर नुसता घुमेल.” नेल्डाने तसंच केलं. किंचाळू नये म्हणून बासच्या पोटात जुना टॉवेल कोंबला, खर्जाचं बटण खाली आणलं.

सगळ्यांना आवडलं. आर्डिथआत्या सोडून.

आर्डिथ ही वडिलांची थोरली बहीण. केंटकीच्या त्या डोंगरातलं प्रत्येक भजन तिच्या आवाजाने सुरू व्हायचं. गालिच्याला विरोध करणारी ती एकटीच होती. गालिचा आला आणि तिने गाणं सोडलं. रुसलीय म्हातारी, असं सगळे म्हणाले.

आज परगावी गेलेल्यांचा घरी यायचा रविवार. ओहायोपासून गाड्या आल्या होत्या. वडिलांचं आवडतं भजन व्हायचं होतं आणि ते आत्यानेच उचलावं, एवढंच नेल्डाचं देवाकडे मागणं होतं.

“तो डबा असेल तर मी तोंड उघडणार नाही,” आत्याने अॅम्प्लिफायरकडे बोट दाखवून सांगून टाकलं होतं.

नेल्डाने सूर जुळवायला तार छेडली. कोपऱ्यातल्या पहिल्या बाकावर आत्याने दोन्ही हात कानांवर दाबले.

“बंद कर गं तो! कान फुटले माझे!”

“आत्या, शेवटच्या दिवशी देवदूताने तुतारी फुंकली ना, तरी तू त्याला हळू वाजव म्हणशील,” डॉयल म्हणाला. बाकं हसली. आत्या नेल्डाकडेच बघत होती.

नेल्डा आवाज कमी करायला वाकली आणि तशीच थांबली. डब्याचा लाल दिवा विझलेला होता. त्याचा प्लग काढून कुणीतरी तिथे कॉफीचा बंब लावला होता.

डबा चालूच नव्हता.

मागे कुणाचं तरी बाळ टाहो फोडत होतं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. आत्याची वळली नाही.

नेल्डा मंचावरून उतरली. आत्याच्या अगदी समोर उभी राहून, ओठ नीट हलवत म्हणाली, “खरंच गं आत्या, फार मोठा आहे. खाली ठेवते.”

तिने डबा खुर्चीवरून उचलला. गादी काढून टाकली. डब्याची पाठ आत्याच्या बाकाला घट्ट टेकवली, प्लग लावला आणि खर्जाचं बटण वर नेलं.

“ताई, तिथे घुमेल तो!”

“घुमू दे.”

तिने सगळ्यात खालची तार ओढली. आत्याचे हात कानांवरून निघाले आणि बाकाच्या लाकडावर पसरले. बुटाचं टोक एकदा हललं, दोनदा हललं. मग तिने डोळे मिटले आणि भजन उचललं. अगदी ठेक्यावर. ओहायोची मंडळी रडत रडत हसायला लागली.

भजन संपल्यावर नेल्डाने तिला विचारलं, “मग, हा डबा दुकानात परत देऊ?”

“असू दे,” आत्या पर्स आवळत म्हणाली. “आवाज कमी केलास, म्हणून चालला हो!”

बाहेर मेपलखाली जेवणं मांडली होती. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, थरांचा केक. आत्याने डॉयलच्या ताटातला केकही आपल्याकडे ओढला, आणि डॉयलची बोंबाबोंब आतपर्यंत ऐकू आली.

नेल्डा आत एकटीच होती. बूट काढून ती गालिच्यावरून पाय दाबत चालली होती. कोपऱ्यात एका जागी अंगठा आत रुतला. तिने मान वर केली. आत्याच्या बाकाचा पाय तिथून वीतभरही लांब नव्हता.

विनय नव्हता तो. हट्टही नव्हता. आत्या कानांनी नाही, फळ्यांतून ऐकते, हे बाबांना कधीपासून ठाऊक होतं, ते त्या फळीलाच माहीत.

तिने खिशातून बाबांचा चाकू काढला. प्रार्थनेला टेकावेत तसे गुडघे टेकले आणि त्या जागी गालिच्यावर बासच्या पायापुरता, नाण्याएवढा गोल कापायला घेतला.