दगडातला शंख

भोजनाच्या प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले होते, तेवढ्यात नाओमीच्या खिशातून काहीतरी निसटून ताटात ठण्णकन आपटलं.

"आमेन" होताच ती म्हणाली, "दगड झालेला शंख आहे, आजोबा. बाई म्हणाल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा!"

"देवाने सहा दिवसांत जग केलं. फेकून दे तो." चर्चचे निवृत्त पाळक असलेल्या आजोबांच्या आवाजाने पोरीचा चेहराच उतरला.

नाओमीच्या आईने, एस्तेरने, सासऱ्यांना शांतपणे भात वाढला. "पप्पा, सूर्य चौथ्या दिवशी झाला, हे तुम्हीच शिकवलंत. मग आधीचे तीन दिवस कुणाच्या घड्याळाने मोजायचे? आणि आधी पाण्यातले जीव, शेवटी माणूस. हा शंख वेगळं काय सांगतोय? राहू दे तिच्याकडे."

आजोबांनी दोन घास खाल्ले. "सून आणली की वकील?" ते हसले, आणि शंख पुसून त्यांनी नातीच्या हातावर ठेवला.

एस्तेर निश्चिंत मनाने जेवायला बसली.

"पण आई, पापामुळे मरण आलं ना? हा शंख तर माणसाच्याही आधीचा; तेव्हा आदामाने मना केलेलं फळ खाल्लंच नव्हतं," नाओमीने विचारलं. "मग ह्यातला जीव कशाने मेला?"