काट्यावरची दोन कार्डं

"जुनं वीस तोळे भरनं. अन् हाई नवं? नऊ!" चुडामण आबांनी सोन्याच्या काट्यावरून नवं ग्राफिक्स कार्ड उचललं आणि अभिमनच्या हातावर ठेवलं. "निम्मंबी नही. वापस लई जाय."

चारूने कपाळावर हात मारून घेतला. कॉम्प्युटरचं कार्ड! ते कोणी काट्यावर घालतं?

अभिमन जळगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून धुळ्याला आला होता तो फक्त हे कार्ड दाखवायला. चारच्या एसटीने त्याला परत जायचं होतं, कार्ड देऊन नाहीतर घेऊन. आबांच्या सराफी पेढीत दागिन्यांची डिझाइनं काढायला एक मोठा कॉम्प्युटर होता आणि दहावीची परीक्षा संपल्यापासून त्यावर त्यांची नात चारूच बसायची. आबांनी कबूल केलं होतं, तिचं एक डिझाइन पसंत पडलं तर ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोन्यात घडवून काचेच्या कपाटात लावू.

डिझाइन तयार होतं. उमललेल्या कापसाच्या बोंडाचं पदक. पण जुन्या कार्डावर ते आबांना दाखवायचं म्हणजे छळ! बटण दाबलं की बोंड जरासं वळणार, तेही आधी एक रेघ, मग दुसरी, मग तिसरी. नुसतं हिरव्या रेघांचं जाळं. ते पुरं होईपर्यंत आबांना गिऱ्हाईक तरी यायचं, नाहीतर डुलकी.

"आबा, मोठं म्हणजे चांगलं, असं नसतं हो," ती म्हणाली. "जुन्यावर ढीगभर चिपा आहेत म्हणून ते हातभर लांब. नव्यात तेच काम दोन चिपा करतात."

"म्हनजे माल कमी."

"माल कमी, पण काम जास्त!"

आबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष कार्डाच्या कडेच्या पिवळ्या पट्ट्यांवर गेलं होतं. "याना दात पिवळा शेतस," ते म्हणाले आणि त्यांनी गल्ल्याशेजारचा कसोटीचा काळा दगड ओढला.

"आबा, नको!" चारू आणि अभिमन एकदमच ओरडले. तोवर आबांनी जुन्या कार्डाचा एक दात दगडावर घासला होता. बारीक पिवळी रेघ उठली. मग नव्याचा घासला. काहीच उठलं नाही.

"मुलामा," आबांनी निकाल दिला. "तोबी पातळ."

"आबा, गॅरंटी जाईल हो माझी!" अभिमन रडवेला झाला.

"आधी लावून तर बघा!" चारूचा आवाज एवढा चढला की समोरच्या दुकानातला माणूस वाकून बघू लागला. "नंतर तोला, घासा, नाहीतर तेजाबात बुडवा!"

कॉम्प्युटरचं झाकण उघडंच होतं. अभिमनने घासलेला दात पुसला, नवं कार्ड खाचेत दाबलं आणि फ्लॉपीवरून काहीतरी चढवलं. पडदा काळा झाला. मग एकदम बोंड आलं. रेघांचं नव्हे, भरीव, पिवळंधमक, कडेकडेने उजेड खेळवणारं. तिने माऊस हलवला तसं ते हातात धरल्यासारखं वळलं.

"बघा! आता बघा!" तिने ते डावीकडून दाखवलं, उजवीकडून, वरून. आबांनी चष्मा लावला. त्यांची मान पुढे आली. चारूला जोर चढला आणि तिने बोंड पुरतं फिरवलं.

मागे काहीच नव्हतं. देठ नाही, कडी नाही. चमचा आतून दिसावा तसा एक पोकळ खड्डा, आणि त्याच्या मधोमध आरपार भोक. जुन्या कार्डावर बोंड इथपर्यंत वळवायचा धीर तिला कधी झालाच नव्हता. आणि त्या जाळ्यात पुढच्या रेघा कुठल्या, मागच्या कुठल्या, कोणाला कळत होतं! तिने झटकन पुढची बाजू फिरवून आणली.

"हाई भोक कसानं?" आबांनी विचारलं.

चारूने माऊसवरून हात काढून घेतला.

"जुनावर हाई भोक नही व्हतं," आबा अभिमनकडे वळले. "मी दखेल शे. बठ्ठं बोंड भरेल व्हतं. तुनं कार्ड भोक पाडस!"

"कार्ड कसं भोक पाडेल, आबा?"

"मंग कोनी पाडं? सोनं पातळ, माल कमी, भोक पडावच. काढ ते. जुनं लाव." मग चारूच्या पाठीवर थाप पडली. "तुनं बोंड चांगलं शे, बेटा. आखाजीले घडू. पक्कं."

पक्कं! पंधरा दिवस हाच एक शब्द ऐकायला ती आबांच्या मागेमागे फिरत होती. आता फक्त गप्प बसायचं होतं. अभिमन नव्या कार्डाचं खोकं शोधत होता. त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला, घड्याळाकडे बघितलं आणि बटण बंद करायला हात पुढे केला.

"हात लावू नका!" चारू म्हणाली. राग नेमका कोणाचा आलाय तेच तिला कळेना. आबांचा, अभिमनचा, त्या नऊ तोळ्यांच्या चोंबड्या कार्डाचा, की आणखी कोणाचा. तिने माऊस ओढला. बोंडाची पाठ पुन्हा समोर आली. मग ती तिने मोठी केली, आणखी मोठी, इतकी की पडदाभर फक्त भोक उरलं.

"कार्डाने नाही पाडलं, आबा. मीच ठेवलंय. मागची बाजू काढलीच नाही."

आबांनी त्या भोकाकडे वाकून बघितलं. मग त्यांनी अभिमनच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून गल्ल्यावर ठेवला, चष्मा नाकावर नीट बसवला, स्टूल पुढे ओढलं आणि पडद्याच्या काचेवर, भोकाच्या मधोमध, नखाने देठाएवढी एक रेघ ओढली.