राखेची चढण

औष्णिक वीजकेंद्र बंद झालं, त्याच दिवशी कोर्टाच्या हुकमानं यशोधराबाईंच्या छातीला एक पट्टा बांधला गेला. तसाच पट्टा केंद्राचे जुने संचालक दातार यांच्या छातीला होता. तासभर यशोधराबाईंना लागेल ती धाप दातारांनाही लागणार, हीच त्यांची शिक्षा.

"बसून राहा, बाई. तुम्हालाच त्रास होईल," डॉक्टरांनी बजावलं.

यशोधराबाई उठल्या आणि गावामागचा केंद्राच्या राखेचा डोंगर चढू लागल्या. याच राखेनं त्यांचा नवरा खाल्ला होता, त्यांची फुप्फुसंही. अर्ध्या वाटेवर त्यांचे ओठ निळे पडले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे दातार घुसमटत होते. "थांबा... मी मरेन."

"मी बी," त्या म्हणाल्या आणि चढत राहिल्या.